लाकडातली तार

मैनपुरी हे नाव आपल्याकडच्या माणसाच्या कानावर पडतं ते निवडणुकीच्या दिवसांत. एरवी तिथं काय पिकतं, काय बनतं याची चौकशी कोण करतो? उत्तर प्रदेशात आग्र्याच्या पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हा जिल्हा. गहू, बटाटा, लसूण करणारी माणसं. त्याच गावात सुतारांची काही घरं अशी आहेत, की ती शीशमच्या लाकडात पितळेची तार बसवून टेबलं, पेट्या, तबकं करतात. या कामाला तारकशी म्हणतात. आपल्याकडं तारकश म्हटलं की जर ओढणारा आठवतो, आणि ओडिशात कटकला चांदीच्या तारेची नक्षी करतात तिलाही तारकशीच म्हणतात. म्हणून शब्दावरून घोटाळा होतो. मैनपुरीची तारकशी ती लाकडातली.

मी शेतकरी माणूस. शिक्षण दहावी, तीही अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच आली होती तेव्हाची. असल्या विषयावर मी का लिहावं? कारण आमच्या घरात आलेली एक तिपाई, आणि आमच्या गावचे एक सुतार. पण त्यांचं पुढं सांगतो. आधी या कामाचा इतिहास, कारण तो वाचल्यावरच आमच्या सुताराचं काय झालं ते मला उमगलं.

तारकशी आधी टेबलावर नव्हती. ती पायात होती. चामडं सोवळ्याला चालत नाही, म्हणून देवपूजा करणारा माणूस लाकडी खडावा घालायचा. मैनपुरीचे सुतार या खडावांवर पितळी तारेची वेलबुट्टी बसवायचे. त्याशिवाय लहानसहान पेट्या असायच्या. हे काम प्रामुख्यानं ओझा म्हणवणाऱ्या सुतार घराण्यांचं. वस्तू पायाखालची, पण काम असं की पाय ठेवायला मन होऊ नये. आपल्याकडंही पादुकांना मान आहेच. पालखीत काय असतं? पादुकाच. पण आपण चांदीच्या करतो.

मग एकोणिसाव्या शतकात तिथं एक गोरा साहेब आला. फ्रेडरिक सॅल्मन ग्राउज. जन्म १८३६, मृत्यू १८९३. १८६० साली नोकरीत लागला, आणि मथुरेला जाण्याआधी मैनपुरीला होता. साहेब म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढं घोड्यावरचा, शेतसारा वसूल करणारा माणूस येतो. तसा हाही असणार, पगार त्याचाच होता. पण त्याला आणखी एक नाद होता. मथुरेचं आजचं वस्तुसंग्रहालय १८७४ साली यानंच सुरू केलं. तुलसीदासांच्या रामचरितमानसाचं इंग्रजी भाषांतर केलं. पुढं बुलंदशहरला असताना सरकारी इमारतींसाठी बांधकाम खात्याचे ठरीव नकाशे बाजूला ठेवून त्यानं तिथल्याच गवंड्यांच्या आणि सुतारांच्या हातानं बांधकामं करून घेतली. वरच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही, हे सांगायला नकोच.

या माणसाच्या नजरेला त्या खडावा पडल्या. त्यानं तिथल्या कारागिरांना दुसऱ्या वस्तू करायला उत्तेजन दिलं. तबकं, डबे, टेबलाचे तक्ते, साहेबलोकांच्या बंगल्यात खपतील अशा वस्तू. १८८८ मध्ये त्यानं या तारकशीवर एक लेखही लिहिला. मैनपुरीचं नाव सुतारगल्लीच्या बाहेर गेलं ते तिथून.

आता साहेबानं कला जगवली, असं सरळ लिहून मोकळं व्हायला मी तयार नाही. हात ओझांचे होते. लाकूड ओळखणारं बोट त्यांचं होतं. साहेबानं आणलं ते गिऱ्हाईक. पण गिऱ्हाईक आणणं ही लहान गोष्ट नव्हे. टेबल ही वस्तूच आपली नव्हे हो. आपण जमिनीवर बसणारी माणसं. पाट, चौरंग, फार तर ढाळज. आमच्या गावात मी लहान असताना टेबलं दोनच होती, एक शाळेत आणि एक चावडीत, आणि दोन्हींच्या पलीकडं सरकारी माणूस बसलेला. खुर्चीवर बसणाऱ्यालाच टेबल लागतं. तेव्हा पायातली नक्षी टेबलावर चढली ती राज्य बदललं म्हणून. सुतारानं मात्र रेघ तीच ठेवली. खडावांवरचा वेल टेबलावर गेला, एवढंच.

आमच्या घरात ही तारकशी आली १९७३ साली. धाकटे चुलते फौजेत होते. शेवटची वर्षं त्यांनी फत्तेगडला काढली, आणि फत्तेगडाहून आग्र्याकडं यायच्या वाटेवर मैनपुरी लागतं. पेन्शनीवर येताना त्यांनी बिस्तऱ्यात गुंडाळून एक घडीची तिपाई आणली. वरचा तक्ता गोल, परातीएवढा. मधे आठ पाकळ्यांचं फूल, कडेनं वेल, आणि वेलाच्या मधे मधे मोहरीएवढे पितळी ठिपके. दुष्काळ नुकताच सरला होता, घरात धड ज्वारी नव्हती. आजी म्हणाली, "ह्याच्यावर काय ठेवायचं?" चुलत्यांनी त्याच्यावर ट्रान्झिस्टर ठेवला.

पहिल्या उन्हाळ्यात तार उचकली. कडेच्या वेलाचं एक टोक वर आलं आणि आत्याच्या लुगड्याला अडकलं. तेव्हा सुतारनानांना बोलावणं गेलं.

नाना आमचे बलुत्याचे सुतार. औत, कुळव, पाभर, जू, गाडीचं चाक, दाराची चौकट, सगळं त्यांच्याकडं. सुगीला खळ्यावर येऊन बलुतं घेऊन जायचे. ते आले, खाली बसले, आणि बराच वेळ त्यांनी तिपाईला हातच लावला नाही. मग अंगठा ओला करून लाकडावर फिरवला.

"तात्या, हे आपलं शिसव न्हवं," ते चुलत्यांना म्हणाले. "आपलं काळं पडतं. ह्ये तांबूस हाय."

हे खरं होतं. आपल्या सह्याद्रीत होतं ते शिसव, जांभळट काळं. उत्तरेतलं ते शीशम, नदीकाठी नि कालव्याच्या कडेनं वाढणारं. एकाच गोतातली दोन भावंडं, पण वेगळी. मराठीत दोन्हींना शिसवी म्हणून आपण मोकळे होतो, आणि दुकानदारही त्याचा फायदा घेतात.

मग नानांनी वाकळ शिवायची सुई मागून घेतली आणि उचकलेलं टोक आणखी थोडं वर काढलं. मी जवळ बसलो होतो. ते म्हणाले, "पोरा, हिकडं बघ. ही तार न्हाईच. पट्टी हाय. कडंवर हुबी केलीया."

तिथं सगळं गुपित आहे. वरून दिसते ती केसाएवढी रेघ. आत मात्र ती उभी पट्टी असते, दिसते त्याहून खोल गेलेली. पितळेच्या पातळ पत्र्याच्या कातरून केलेल्या त्या पट्ट्या. पितळ आधी तापवून मऊ करायचं, नाहीतर ते वळणावर मोडतं. लाकडावर नक्षी उमटवून घ्यायची, बारीक धारेच्या पटाशीनं तिच्यावर चीर पाडायची. चीर म्हणजे खाच नव्हे. खाच करताना लाकूड काढून टाकतात, चिरेत लाकूड जागेवरच राहतं, फक्त दुभंगतं. त्या चिरेत पट्टी उभी धरून हलक्या हातोडीनं ठोकत जायची. दुभंगलेलं लाकूड दोन्हीकडून तिला आवळतं. सरस नाही, खिळा नाही. लाकडाच्या पकडीवर सगळा कारभार.

ठिपक्यांचं नानांना दोन दिवस कोडं पडलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःहूनच आले. तार गुंडाळून तिची बारीक गुंडी करायची आणि ती भोकात ठोकून बसवायची, असं त्यांनी ओळखलं होतं. सगळं बसवून झालं की कानस आणि काचकागद मारून लाकूड नि पितळ एका पातळीला आणायचं, वर तेल चोळायचं. बोट फिरवलं तर कुठं लाकूड संपलं आणि कुठं पितळ लागलं ते कळता कामा नये.

तार उचकली ती हवेमुळं. लाकूड सुकलं की आकसतं, ओलं झालं की फुगतं. पितळ त्याच्यासारखं हलत नाही. म्हणून पक्कं वाळलेलं, जुनं लाकूडच याला लागतं. शिवाय आमची तिपाई दारात, उन्हाच्या पट्ट्यात. नानांनी जवसाचं तेल पाजलं, चार दिवस सावलीला ठेवली, आणि हातोडीच्या तीन-चार टिचक्यांत पट्टी परत आत गेली. पैसे घेतले नाहीत. "माझंच शिकणं झालं," म्हणाले.

पण पुढची गोष्ट ऐका. दुसऱ्या वर्षी नानांच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. रुखवतात ठेवायला म्हणून त्यांनी एक पाट केला. आपल्याकडं पाटाला, चौरंगाला पितळी फुलं ठोकायची रीत जुनी आहे. चार कोपऱ्यांना चार, फार तर मधे एक. ती तयार फुलं तालुक्याच्या बाजारात मिळायची. नानांनी ती आणली नाहीत. एका पडक्या वाड्याच्या दाराची शिसवी फळी त्यांच्याकडं होती, शंभर पावसाळे खाल्लेली. बाद झालेल्या स्टोव्हची पितळी टाकी त्यांनी कापून सपाट केली, लोहाराच्या भात्यावर तापवून मऊ केली, आणि पत्र्याच्या कातरीनं तिच्या पट्ट्या काढल्या. दिवसा लोकांची औतं, रात्री कंदिलाच्या उजेडात पाट. दीड महिना चाललं होतं.

नक्षी त्यांनी मैनपुरीची घेतली नाही. मधे रांगोळीतलं कमळ काढलं, आणि चार कोपऱ्यांना गोपद्मं. मी तो पाट बघितला आहे. कमळाच्या दोन पाकळ्या एकमेकींना नीट मिळाल्या नव्हत्या आणि ठिपके एकसारखे नव्हते. पण रेघ जिवंत होती. लग्नात बायका जेवणं सोडून तो बघायला जमल्या होत्या.

गावातला एक जाणता माणूस मात्र मांडवातच म्हणाला, "नाना, एवढ्या दिवसांत चार कुळव झालं असतं."

त्यानंतर दोन घरांतून तसल्या पाटाची मागणी आली. दोघंही म्हणाले, बलुतं तर आम्ही देतोच की. वर फार तर पायलीभर ज्वारी देऊ. बलुत्याचा हिशेब शेताच्या कामाचा होता. नांगर मोडला तर सुतारानं यायचं, खळं झालं की त्याचं माप त्याला द्यायचं. तो हिशेब एकेकाळी दोघांनाही पोसत होता, त्याला मी उगाच वाईट म्हणणार नाही. पण त्यात कुसरीला किंमत नव्हती. दीड महिन्याच्या रात्रींचं मोल काय, हे ना गावाला सांगता येत होतं, ना नानांना मागता येत होतं. आयुष्यात त्यांनी कधी आपल्या कामाचा भाव केलाच नव्हता. दोन्ही पाट झाले नाहीत.

मैनपुरी आणि आमचं गाव यांच्यातला फरक मला इथं दिसतो. हात तिथंही होता, इथंही होता. तिथं रोख पैसे देणारा, नवी वस्तू मागणारा गिऱ्हाईक शंभर वर्षं आधी पोचला होता. इथं कोणीच आलं नाही, आणि गावातल्या गावात आम्हाला तो होता आलं नाही. बलुतेदारी मोडली म्हणून कला गेली, असं आता सभेत बोलतात. आमच्या गावात तरी बलुतेदारी शाबूत असतानाच ती दारातनं परत गेली.

पुढचं सगळ्या गावांत झालं तेच. लोखंडी नांगर आमच्या आज्याच्या वेळीच आला होता, मग रबरी टायरची गाडी आली, मग ट्रॅक्टर. नानांचे दोन्ही मुलगे कोल्हापूरच्या फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करायला लागले. लोखंडाचं ओतकाम करायचं तर आधी लाकडाचा नमुना लागतो, तो करायला सुताराचाच हात हवा. पोरांचं बरं झालं. पगार रोख, दर महिन्याला. नाना शेवटपर्यंत गावातच होते, दाराच्या बिजागऱ्या बसवत.

२०१९ मध्ये आम्ही काहीजण मथुरा-वृंदावनला गेलो होतो. बाकीचे गोवर्धन परिक्रमेला गेले तेव्हा मी आणि एक सोबती आग्रा, शिकोहाबाद करत एसटीसारख्याच खडखडत्या गाडीनं मैनपुरीला गेलो. विचारत विचारत एका कारागिराच्या दारात पोचलो. माझ्याच वयाचा माणूस. मांडीखाली पोतं, पुढ्यात टेबलाचा तक्ता, हातात इवलीशी हातोडी. माझं हिंदी बेतास बात, पण लाकडाची भाषा त्यालाही येत होती आणि मलाही. नानांनी जे सुईच्या टोकानं ओळखलं होतं ते सगळं तिथं डोळ्यांसमोर चाललं होतं. चीर, उभी पट्टी, टक टक टक. गुंड्या एका वाटीत करून ठेवलेल्या, डाळीसारख्या.

मी विचारलं, खडावा करता का अजून? त्यानं फळीवरून एक जोड काढून दाखवला. घेणारे साधू कमी, भिंतीला टांगणारे जास्त, असं म्हणून तो हसला.

त्याची रड मात्र शेतकऱ्यासारखीच. माल महाग, दाम कमी, पोरं यात यायला तयार नाहीत. शीशमची झाडंही आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. उत्तरेत गेली पंचवीस-तीस वर्षं शीशमला वाळण्याचा रोग आहे. उभी झाडं शेंड्यापासून वाळत येतात. आम्ही येतानाही कालव्याच्या कडेला तसली खराटे झालेली झाडं बघितली होती.

त्यात २०१७ पासून आणखी एक भर पडली. झाडं आणि जनावरं यांच्या जागतिक व्यापारावर साइट्स नावाचा एक करार आहे. त्यात शीशम-शिसवाचं सगळं गोत घातलं गेलं. दुसऱ्या देशांत या जातीची झाडं चोरून तोडून पार संपवली होती, म्हणून हा नियम आला. नियमाचा हेतू वाईट नाही. पण आपला शीशम शेतकऱ्याच्या बांधावर, कालव्याच्या कडेला लावलेला, तोही त्याच जाळ्यात सापडला. दहा किलोच्या वर माल परदेशी पाठवायचा तर कागदपत्रं. सरकारनंच सांगितलेला आकडा असा, की या लाकडाच्या वस्तूंची देशाची निर्यात आधी वर्षाला अंदाजे १००० कोटी रुपयांची होती, ती ५०० ते ६०० कोटींवर आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा इथं बैठक झाली, तिथं भारतानं बाजू मांडली, आणि ठरलं की दहा किलोची मोजणी एकेका वस्तूची करायची, सगळ्या गठ्ठ्याची नव्हे. म्हणजे छोटी तिपाई सुटली. मोठं जेवणाचं टेबल मात्र अजून कागदात अडकणारच.

राज्य सरकारनं २०१८ मध्ये एक जिल्हा एक उत्पादन ही योजना काढली त्यात मैनपुरीसाठी तारकशीच निवडली, आणि २०२३ मध्ये मैनपुरी तारकशीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हापूसला आहे तसंच. शिक्का मिळाला हे चांगलंच. पण शिक्क्यानं गिऱ्हाईक येतोच असं नाही, हे आंबेवाल्यांना विचारा.

आता सोनेरी पट्ट्या चिकटवलेली प्लायवूडची टेबलं ढिगानं मिळतात. लग्नाच्या हॉलवर भाड्यानं येणारे पाट तर सगळे तसलेच, एका अक्षतेच्या ओल्या हातानं सोनं सुटतं. ज्याला खरी तारकशी घ्यायची असेल त्यानं फसू नये म्हणून चार गोष्टी सांगतो. नख रेघेवर आडवं ओढून बघा; चिकटवलेली पट्टी नखाला लागते, ठोकलेली लागत नाही. वेलाच्या वळणावर बारकाईनं बघा. हातानं ठोकलेल्या कामात पट्टी जिथं संपून दुसरी सुरू होते तो सांधा कुठं ना कुठं दिसतोच, आणि दोन पानं कधी तंतोतंत सारखी नसतात. ठिपक्यात गुंडीचं वळण दिसतं का ते पाहा. टेबल उलटं करून खालचं लाकूड बघा, वरून शीशम आणि खालून भुसा दाबलेली फळी असले प्रकार असतात. घरी आणल्यावर ते उन्हात किंवा दारात ठेवू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. पितळ घासायला चिंच-मीठ तर मुळीच लावू नका, लाकूड डागतं. जवसाचं तेल वर्षातनं दोनदा, सुती चिंधीनं, पाडव्याला एकदा आणि दिवाळीला एकदा. आणि तार उचकलीच तर ओढून काढू नका. तेल पाजून चार दिवस सावलीला ठेवा, मग हलक्या हातानं ठोका. आमची तिपाई पन्नास वर्षं अशीच चालली आहे.